५२-४८ : हा फरक ‘सिग्निफिकंट’ आहे का?

कोर्सवर्कमधला संख्याशास्त्राचा तास संपला आणि एका ज्युनिअरने मला कॅन्टीनमध्ये गाठलं. पेट नुकतीच पास झालेला, सिनॉप्सिसच्या तिसऱ्या ड्राफ्टवर अडकलेला मुलगा. त्याचा प्रश्न होता, ‘‘ताई, ब्रेक्झिटचा निकाल ५२-४८ होता ना? मग हा फरक सिग्निफिकंट आहे का? नसेल, तर एवढ्या काठावरच्या निकालावर एका देशाने एवढा मोठा निर्णय घ्यायचाच कशाला?’’

प्रश्न हुशार आहे आणि चुकीचाही आहे. चुकीचा म्हणून सोडून देण्यासारखा मात्र नाही, कारण तीच चूक आपण प्रयोगशाळेत रोज करतो. मी स्वतः केलेली आहे, ती पुढे सांगतेच. त्याला चहा संपेपर्यंत जे सांगितलं ते अर्धवट राहिलं होतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. तुम्ही राज्यशास्त्राचे नसलात तरी वाचा. इथे राजकारण कमी आणि रिसर्च मेथडॉलॉजी जास्त आहे.

आधी आकडे बघू. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय संघातून बाहेर पडा, या बाजूला १,७४,१०,७४२ मतं मिळाली आणि संघातच राहा, या बाजूला १,६१,४१,२४१. टक्केवारीत ५१.९ आणि ४८.१. फरक १२,६९,५०१ मतांचा. मतदान ७२.२ टक्के.

आता सिग्निफिकन्सची चाचणी करून बघू. म्हणजे चाचणी लावली तर काय होतं ते बघू. ती लावावी की नाही, हा वेगळा प्रश्न. मतं सुमारे ३ कोटी ३५ लाख. प्रमाण जवळपास निम्मं-निम्मं. अशा वेळी स्टँडर्ड एरर म्हणजे ०.५ भागिले मतसंख्येचं वर्गमूळ. उत्तर येतं ०.००००८६, म्हणजे ०.००८६ टक्के. ‘बाहेर पडा’ची बाजू ५० च्या रेषेपासून १.८९ टक्के दूर होती. भागाकार करा, सुमारे २१९ स्टँडर्ड एरर! आपल्याकडे दोन स्टँडर्ड एरर ओलांडले की लोक पेढे वाटतात, इथे २१९. म्हणजे ज्युनिअरची भाषा वापरायची तर हा निकाल इतका सिग्निफिकंट आहे की तुमच्या-माझ्या थीसिसमध्ये असा आकडा आला तर गाईड आधी एक्सेल शीट तपासायला सांगतील.

पण हे गणित मांडून ‘बघा, निकाल पक्का आहे’ असं म्हणणंही तितकंच चूक आहे. स्टँडर्ड एरर कशासाठी असतो? मोठ्या समूहातून थोडे नमुने काढले आणि त्यांवरून अख्ख्या समूहाबद्दल बोलायचं असेल, तर योगायोगाने किती चुकू शकतो, हे सांगण्यासाठी. एक्झिट पोलला तो लागतो. सार्वमत हा नमुना नाही. ज्यांनी मत दिलं त्यांची ती पूर्ण मोजणी आहे. ज्यांनी मत दिलं नाही ते काही यादृच्छिक रीतीने गळलेले नाहीत, ते घरी बसले किंवा त्यांना जाता आलं नाही. तेव्हा ‘५२-४८ म्हणजे मार्जिन ऑफ एररच्या आत’ हे वाक्य कुणी तुमच्यासमोर उच्चारलं, तर एवढंच विचारा : कशाचा नमुना? कुठल्या समूहातून?

मग शंका घ्यायला जागाच नाही का? आहे ना. पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. मतं मोजताना चूक झाली का, बाद ठरवलेली मतं योग्य कारणाने बाद झाली का, यादीत नको ती नावं होती का, हवी ती वगळली गेली का, मतदारांना दिलेली माहिती खरी होती का, खर्चाचे नियम पाळले का. याला आपल्या भाषेत सिस्टिमॅटिक एरर म्हणा. नमुना वाढवून तो जात नाही, हे तर तुम्ही पहिल्याच युनिटमध्ये शिकलात. आणि इथेच निकाल किती काठावरचा आहे, याला पहिल्यांदा अर्थ येतो. ब्रिटनमध्ये बाद मतं होती २५,३५९. ती सगळीच्या सगळी हरलेल्या बाजूची होती असं धरा, तरी पावणेतेरा लाखांचा फरक जागचा हलत नाही.

आता याच्या शेजारी कॅनडातल्या क्वेबेकचा निकाल ठेवा. ३० ऑक्टोबर १९९५. क्वेबेकने सार्वभौम व्हावं का, असा प्रश्न होता. ‘नाही’ला २३,६२,६४८ मतं आणि ‘हो’ला २३,०८,३६०. टक्केवारीत ५०.५८ आणि ४९.४२. फरक फक्त ५४,२८८ मतांचा. मतदान किती? ९३.५ टक्के! आणि बाद मतं ८६,५०१. म्हणजे जिंकणाऱ्याच्या आघाडीपेक्षा बाद मतं जास्त. (मघाची चाचणी इथे लावली तरी फरक २५ स्टँडर्ड एररचा येतो. ती चाचणी या कामाला किती निरुपयोगी आहे, ते यावरून कळावं. ती सगळ्यालाच ‘सिग्निफिकंट’ म्हणते.)

इथे पेन घ्या आणि एक गणित करा. सगळी बाद मतं वैध धरली, तर ‘हो’ जिंकायला त्यातली किती मतं ‘हो’ची असायला हवीत? उत्तर ७०,३९५. म्हणजे शंभरातली ८१ हून जास्त. आता हे शक्य आहे का? संपूर्ण प्रांतात बाद मतांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होतं, पण शोमडे या मतदारसंघात ते ११ टक्क्यांच्या वर गेलं होतं, आणि तिथे ‘नाही’ची बाजू भक्कम होती. म्हणजे बाद मतं सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती. अशा वेळी ‘रडीचा डाव खेळू नका’ असं हरलेल्यांना सांगणं हे शास्त्र नाही, दमदाटी आहे. तपास करणं भागच होतं, आणि तो झाला. प्रांताच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी चौकशी केली. प्रांतभर रचलेला कट असल्याचं निघालं नाही. काही ठराविक केंद्रांवर मतं अयोग्य रीतीने बाद केल्याचं निघालं. काही अधिकाऱ्यांवर खटले भरले गेले, पण फसवणुकीचा हेतू न्यायालयात सिद्ध झाला नाही. निकाल तसाच राहिला. मला हे उदाहरण आवडतं ते यासाठी, की निकाल मान्य झाला आणि शंकाही दाबली गेली नाही.

यानंतर कॅनडाने जे केलं ते मात्र मला पटत नाही. १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पुढच्या वेळी प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमतही स्पष्ट हवं. ठीक. पण स्पष्ट म्हणजे किती? ५१? ५५? ६०? आकडा दिला नाही. २००० साली संसदेने कायदा केला, त्यातही आकडा नाही. बहुमत पुरेसं स्पष्ट होतं की नव्हतं, हे मतदान झाल्यावर संसदेचं कनिष्ठ सभागृह ठरवणार. म्हणजे डेटा बघून मग कट-ऑफ ठरवायचा! तुम्ही हे सिनॉप्सिसमध्ये लिहून बघा. कमिटीतले सर पान उलटण्याआधीच लाल पेन काढतील.

आता त्या प्रसिद्ध याचिकेकडे येऊ, कारण ज्युनिअरच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. ब्रिटनच्या निकालानंतर काही दिवसांतच संसदेच्या संकेतस्थळावरच्या एका याचिकेवर ४१ लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी एका वाक्याची : ‘राहा’ किंवा ‘बाहेर पडा’ची मतं ६० टक्क्यांपेक्षा कमी असतील आणि मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर पुन्हा सार्वमत घ्यावं, असा नियम करा. (७७ हजारांच्या आसपास सह्या बनावट म्हणून काढून टाकाव्या लागल्या, पण तो मुद्दा सोडून देऊ. ४१ लाखांच्या मानाने ती रक्कम किरकोळ आहे.)

हे वाक्य तुमच्याकडे रेफरी म्हणून आलंय असं समजा. काय लिहाल?

पहिली गोष्ट शब्दांची. ‘राहा किंवा बाहेर पडा’ची मतं ६० च्या खाली, म्हणजे कुणाची? जिंकलेल्या बाजूची असं म्हटलेलं नाही. दोन बाजू असतील तर त्यातली एक नेहमीच ६० च्या खाली असणार. चला, हा खवचटपणा झाला, हेतू आपल्याला समजतो. पण नियम करायचा तर तो समजून घेऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट दोन अटींच्या जोडणीची. या नियमाप्रमाणे ७४ टक्के मतदानात ५९ टक्के मिळाले तर निकाल अपुरा, आणि ७६ टक्के मतदानात ५०.१ मिळाले तर पुरेसा. एकूण मतदारांच्या हिशेबाने पहिल्यात जिंकणाऱ्याला सुमारे ४४ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ३८ टक्के. कमी पाठिंबा असलेला पास, जास्त असलेला नापास. असं का? याचं उत्तर याचिकेत नाही. आकडे गोल आहेत म्हणून घेतलेले दिसतात.

तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती : पुन्हा सार्वमत घेतलं आणि पुन्हा ५३-४७ झालं तर? मग तिसरं? चौथं? थांबायचं कधी, हे सांगितलेलंच नाही. शिवाय तोपर्यंत काय चालू राहणार? जे आहे तेच. म्हणजे नियम दिसायला दोन्ही बाजूंना सारखा, पण प्रत्यक्षात ‘जैसे थे’च्या बाजूला झुकलेला.

इथे माझी गोष्ट सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ज्वारीच्या बियांची खारट पाण्यात उगवण बघत होते. ट्रीटमेंट आणि कंट्रोल यांत फरक दिसत होता, पण पी-व्हॅल्यू आली ०.०७. एवढी जवळ! मी म्हटलं, नमुने कमी पडले असतील. आणखी पाच-पाच प्लेट्स लावल्या. ०.०६. पुन्हा लावल्या. तिसऱ्या वेळी ०.०४ आली आणि मी नाचतच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शीट बघितलं, तारखा बघितल्या आणि विचारलं, ‘‘पहिल्याच वेळी ०.०४ आली असती तर पुढच्या प्लेट्स लावल्या असत्यास?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ त्यांनी शीट परत दिलं. ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. चार महिन्यांचं काम. नंतर वाचलं तेव्हा कळलं की पाच टक्क्यांची चाचणी ठेवून डेटात समान अंतराने पाच वेळा डोकावलं आणि हवा तो निकाल दिसताच थांबलं, तर खोटा निकाल मिळण्याची शक्यता पाच नाही, सुमारे १४ टक्के होते. प्रयोग पुन्हा केला, या वेळी प्लेट्सची संख्या आधी लिहून ठेवली. फरक आला नाही.

याचिकेवर सह्या करणाऱ्या ४१ लाखांतल्या बहुतेकांना मॅडमचा प्रश्न विचारता आला असता : ‘राहा’ बाजू ५२-४८ ने जिंकली असती, तर सही केली असती का? आणि हा प्रश्न एकाच बाजूला विचारायचा नाही. बाहेर पडण्याचे मोठे पुरस्कर्ते नायजेल फराज यांनी मतदानाच्या महिनाभर आधी एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं की ‘राहा’ बाजू ५२-४८ ने जिंकली तर विषय संपला असं ते मानणार नाहीत. निकाल अगदी त्याच आकड्यांनी लागला, उलट बाजूने. आणखी गंमत म्हणजे ती याचिका टाकणारा माणूस ‘बाहेर पडा’वाला होता! आपली बाजू हरेल या अंदाजाने त्याने ती मे महिन्यातच, मतदानाच्या आधी टाकली होती. नंतर सह्या झाल्या त्या समोरच्या बाजूच्या.

इथे एखादा चौकस वाचक म्हणेल, मग ही तर प्री-रजिस्ट्रेशनची केस झाली. नियम डेटाच्या आधी लिहिलेला होता! नाही. एकाने आपल्या वहीत आधी लिहून ठेवणं म्हणजे प्री-रजिस्ट्रेशन नव्हे. तो नियम प्रयोगाच्या प्रोटोकॉलमध्ये असायला हवा, आणि दोन्ही बाजूंना आधी माहीत हवा. सार्वमताचा कायदा २०१५ मध्ये झाला तेव्हा संसदेला अट घालता आली असती. ती घातली नाही, आणि सरकारने याचिकेला उत्तर देताना हेच सांगितलं.

अट घालण्याची कल्पना ब्रिटनला नवी नव्हती. १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं. नियम आधीच केलेला होता : ‘हो’ची मतं एकूण मतदारयादीच्या ४० टक्के हवीत. ‘हो’ला ५१.६ टक्के मतं मिळाली, पण यादीच्या हिशेबाने ते ३२.९ टक्केच झाले. योजना बारगळली. आता नियम आधी ठरला होता, तर तक्रार कशाची? छेदाची. मतदारयादीत मेलेले असतात, दोन ठिकाणी नाव असलेले विद्यार्थी असतात, गाव सोडून गेलेले असतात. या सगळ्यांना नियमाने ‘नाही’मध्ये मोजलं. मिसिंग डेटाला शून्य भरण्यातला हा प्रकार आहे. नियम आधी लिहिला म्हणजे तो चांगला असतोच असं नाही.

मतदानाच्या टक्केवारीची अट घातली की आणखी एक गोष्ट होते, लोक तिचा उपयोग करायला शिकतात. इटलीत कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्या मतदारांनी मत द्यावं लागतं. १९९९ च्या एप्रिलमध्ये निवडणूक पद्धतीवर सार्वमत झालं, ९१ टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं, पण मतदान ४९.६ टक्क्यांवर अडलं. निकाल शून्य. विरोधकाला हरण्यासाठी मत देण्यापेक्षा घरी बसणं परवडतं. अशी अट मोजमाप करत नाही, वागणूक बदलते. जीवशास्त्रवाल्यांनो, हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

नीट केलेलं उदाहरण आहे, ते मॉन्टेनेग्रोचं. २००६ मध्ये सर्बियापासून वेगळं होण्यासाठी ५५ टक्के हवेत, असं युरोपीय संघाच्या मध्यस्थीने आधी ठरलं. दोन्ही बाजू त्या नियमाखाली उतरल्या. निकाल ५५.५ टक्के. रेषेच्या वर जेमतेम दोन हजार मतं. ब्रिटनपेक्षा कितीतरी जास्त काठावरचा निकाल, पण तो टिकला आणि सर्बियानेही मान्य केला.

आता मला उलट बाजूने येणारी दोन उदाहरणं सांगायची आहेत, नाहीतर तुम्ही म्हणाल, ताईचं म्हणणं एवढंच की हरलात तर गप्प बसा. तसं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये २८ फेब्रुवारी २०१६ रोजी विवाहित जोडप्यांच्या करावर सार्वमत झालं. लग्न केल्यामुळे जास्त कर भरावा लागतो तो अन्याय काढा, असा प्रस्ताव होता. ५०.८ टक्क्यांनी तो फेटाळला गेला. मतदारांना दिलेल्या माहितीत सरकारने म्हटलं होतं की असा जास्त कर भरणारी दोघंही कमावणारी जोडपी सुमारे ८० हजार आहेत. दोन वर्षांनी सरकारनेच कबूल केलं की खरा आकडा ४,५४,००० आहे. साडेपाच पटींपेक्षा मोठी चूक, आणि तीही प्रश्नाच्या गाभ्यातली. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला. आधुनिक स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवरच्या मतदानाबाबत हे पहिल्यांदाच घडलं. नीट बघा, निकाल अटीतटीचा होता म्हणून तो रद्द झालेला नाही. चूक होती म्हणून झाला. पण हाच प्रस्ताव ७५-२५ ने पडला असता तर? चूक तीच राहिली असती, तिने निकाल बदलला असण्याची शक्यता उरली नसती. कमी फरक स्वतः काही सिद्ध करत नाही. तो फक्त चुकीचं वजन वाढवतो. ज्युनिअरला त्या दिवशी मला हे वाक्य सापडलं नव्हतं.

दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. जून १९९२ मध्ये तिथल्या लोकांनी मास्ट्रिक्ट कराराला ५०.७ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. मे १९९३ मध्ये पुन्हा मतदान, या वेळी ५६.७ टक्के ‘हो’. हे माझ्या ज्वारीच्या प्लेट्ससारखंच झालं की! पूर्ण नाही. मधल्या काळात डेन्मार्कने समान चलन, संरक्षण अशा विषयांत सवलती मिळवल्या होत्या. दुसऱ्या मतदानात प्रश्नच बदललेला होता. तोच प्रयोग हवं ते उत्तर येईपर्यंत करणं वेगळं, आणि ट्रीटमेंट बदलून नवा प्रयोग करणं वेगळं. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१८-१९ साली जे म्हणत होते की आता करार समोर आहे, त्यावर लोकांना विचारा, त्यांचं म्हणणं जून २०१६ च्या याचिकेपेक्षा कितीतरी मजबूत होतं. त्यांनी जिंकायला हवं होतं का, हे मी सांगणार नाही. पण त्यांना ‘तुम्हीही तेच रडगाणं गाताय’ म्हणणारे चुकत होते.

आणि ब्रिटनमधली जी खरी सिस्टिमॅटिक एरर होती, तिच्यामागे ४१ लाख सह्या नव्हत्या. जुलै २०१८ मध्ये तिथल्या निवडणूक आयोगाने बाहेर पडण्याच्या अधिकृत प्रचारगटाला, व्होट लीव्हला, ६१ हजार पौंडांचा दंड केला. खर्चाची मर्यादा ७० लाख पौंड. दुसऱ्या एका गटामार्फत केलेला खर्च धरला तर ती जवळपास साडेचार लाखांनी ओलांडलेली. काही लोक न्यायालयात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने दावा पुढे चालवायला परवानगी नाकारली. एक कारण म्हणजे ते फार उशिरा आले होते. पण मूळ अडचण वेगळीच आहे. कायद्याच्या दृष्टीने हे सार्वमत फक्त सल्ला देणारं होतं, म्हणून खासदाराची निवडणूक गैरप्रकारासाठी रद्द करण्याची जी सरळ वाट असते, तशी वाट इथे ठेवलेलीच नव्हती. एका खासदाराची जागा तपासता येते, आणि देशाचा निर्णय ‘सल्ला’ म्हणून तपासणीतून सुटतो! साडेचार लाख पौंडांनी पावणेतेरा लाख मतं फिरली असतील का? मला वैयक्तिकरीत्या तसं वाटत नाही. पण हा प्रश्न विचारायची जागा असायला हवी होती, आणि ती कायदा करतानाच ठेवायला हवी होती.

हे सगळं परदेशातलं आहे म्हणून तटस्थपणे लिहिता आलं. आमच्या घरातलं सार्वमत तेवढं सोपं नाही. माझं आजोळ सावंतवाडीकडचं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासितची दोन पानं. आजोबा तेव्हा पंचविशीतले, सीमेच्या अलीकडचे, म्हणजे मत नव्हतं, पण जीव फुलात अडकलेला. केंद्रशासितला १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. तुम्ही कुठेही वाचाल तर ५४.२ आणि ४३.५ टक्के असे आकडे दिसतील. बेरीज करा, शंभर होत नाही. कारण छेदात ७,२७२ बाद मतंही धरली आहेत. फक्त वैध मतं धरली तर ५५.५ आणि ४४.५ येतात. बाद मतं सगळी फुलाला दिली तरी निकाल तोच. आणि तिथेही राजकारण संपलं नाही : त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्याच्या मतदारांनी विलीनीकरणवाल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्ता दिली, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि कौल मात्र जागचा हलला नाही.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा हे सगळं कागदावर मांडून आजोबांना दाखवलं. छेद, बाद मतं, सगळं. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले, कागद बाजूला ठेवला आणि गेली पन्नास वर्षं म्हणतात तेच म्हणाले, ‘‘थोडक्यात चुकला गो. परत एकदा घेवक व्हयो होतो कौल.’’

मी विचारलं, ‘‘आजोबा, आणि फूल दोन हजार मतांनी जिंकलं असतं तर? तेव्हाही परत घ्यायचा का?’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पानाचा डबा पुढे ओढला. सुपारी कातरून झाली, मग म्हणाले, ‘‘तेवा कशाक?’’